दारातला दगड

रेवदंडा,
१९ जानेवारी २०२६

सौ. किशोरीवहिनीस,
प्रीतमचा नमस्कार.

पत्र बघून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि अक्षर ओळखल्यावर दुसरी. फोन करून पाहिला. तुमचा जुना नंबर बंद आहे. नव्यावर तुमच्या रुचिताने उचलला आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिला. म्हणून कागद. कोकिळाकाकू माघी गणपतीला पालीला येतायत, त्यांच्या पिशवीत हे पाकीट आणि किलोभर सुके बोंबील टाकलेत. बोंबील भक्तनिवासाच्या स्वयंपाकघरात नेऊ नका, नाहीतर तुमची नोकरी जायची आणि बल्लाळेश्वराकडे तक्रार माझ्या नावाने व्हायची. पाकिटावर तुमचं माहेरचं आडनाव घातलंय. हल्ली तेच लावता असं काकू म्हणाल्या.

इकडे सगळं ठीक. तुमच्या जावेच्या, सुचिताच्या, पाठीचं दुखणं कमी आहे. आईच्या खोलीला रंग काढला. आई जाऊन दोन वर्षं होतील, पण ती खोली अजून कोणी वापरत नाही. अंगणातली तुमची सोनचाफ्याची फांदी चांगली माडीच्या वर गेली. माझं कामही तेच, पाठीला टाकी बांधून खाली जायचं, बोटींच्या पंख्यात अडकलेली जाळी कापायची, जेट्टीचे खांब चाचपायचे. मालवणकडे डुबकी मारणारे पर्यटक रंगीत मासे बघतात. आपल्या समुद्रात डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच. इथे हातानेच बघावं लागतं. माझी बोटं आता आंधळ्याच्या बोटांसारखी झालीत.

पण यंदा एक वेगळं काम आलं, तेच सांगायला बसलोय. अलिबागला दिनानाथ सर म्हणून आहेत, कॉलेजात इतिहास शिकवायचे, आता निवृत्त. चौल बंदराच्या जुन्या खाणाखुणा समुद्राच्या तळाशी शोधतायत, रीतसर परवानगी घेऊन. त्यांना खाली जाणारा माणूस हवा होता. मागच्या रविवारी, भांगाचे दिवस होते, पाण्याला ओढ नव्हती, कोर्लईच्या बाहेर सहा-सात वाव खोल पाण्यात मी उतरलो. तासाभरात खडकाच्या फटीत एक लांबट दगड हाताला लागला. चौकोनी घडवलेला, एका टोकाला निमुळता, आणि आरपार चौकोनी भोक. हवेची पिशवी बांधून वर काढला तेव्हा सर नाचायचेच बाकी होते. सत्तरीचा माणूस, पण होडीत असा उठून उभा राहिला की आम्हालाच त्यांचं धोतर धरावं लागलं.

दगडी नांगर आहे म्हणाले. खालचा अर्धा भाग, वरचा तुटून गेलेला. चौलला अरबांची गलबतं घोडे घेऊन यायची, त्या काळातला. घडणीवरून, भोकाच्या मापावरून त्यांनी सहाशे ते आठशे वर्षांचा ठरवला. मी म्हटलं, "सर, आणखी थोडा जुना होत नाही का? हजार करा की!" सगळे हसले. सर म्हणाले, "प्रीतमराव, ही भाजी नाही, घासाघीस करायला."

आता तो अलिबागला सरांच्या खोलीत पाटावर ठेवलाय. खाली पाटी लावणार आहेत. फक्त एक कोडं त्यांना सुटत नाही. दगडाच्या एका कडेला बोटभर लांब, गुळगुळीत खाच आहे. दोर घासून पडली म्हणावं तर जागा चुकीची. सर रोज भिंग लावून बसतात. आपल्या दारात पूर्वी एक दगड होता ना, आज्याने जाळ्यात ओढून आणलेला, साधारण तसलाच आहे हा.

बाकी काय. रुचिताची बारावीची परीक्षा जवळ आली. तिला माझा आशीर्वाद सांगा, नको असेल तर राहू द्या. उत्तर पाठवलंत तर बरं वाटेल.

तुमचा दीर,
प्रीतम


रेवदंडा,
८ फेब्रुवारी २०२६

किशोरीवहिनी,

तुमचं उत्तर आलं नाही. कोकिळाकाकू म्हणाल्या, बोंबील घेतले, पत्र तिथेच उभ्याने वाचलं आणि पदराला हात पुसत आत गेलात.

या वेळी नावाआधी 'सौ.' लिहिलं नाही. तीनदा लिहिलं आणि तीनदा कागद फाडला. दुसरं जे लिहायचं असतं ते लिहायला हात धजत नाही. म्हणून नुसतं नाव घातलंय.

मागच्या पत्रात लिहिलं, तसलाच आहे. तसलाच नाही वहिनी. तोच आहे.

मला वर आल्यावर कळलं नाही, खालीच कळलं. काळोख पाणी, हात फिरवत होतो. आधी भोक लागलं, मग कड लागली, आणि कडेला अंगठा त्या खाचेत जाऊन बसला. लहानपणी त्या दगडावर बसून मी पाव खायचो तेव्हा खाच नव्हती. ती तुम्ही लग्न होऊन आल्यावर पडली. रोज सकाळी मासळी कापायला बसण्याआधी तुम्ही कोयता त्यावर घासायचात, आठ वर्षं, त्याच एका जागी. आई ओरडायची, "ए किशोरी, दगूड कापून दोन करशील!" सर भिंग लावून सहाशे वर्षांपूर्वीचं काहीतरी शोधतायत, आणि ती तुमच्या कोयत्याची खाच आहे.

भोकात दोर होता. हिरवा नायलॉनचा, दोन वाव लांब. तो मी वर येण्याआधीच कापला आणि पायाच्या पट्ट्यात खोचून लपवला. सरांना दिसला असता तर त्यांनी विचारलं असतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आणखी एक गोष्ट गाळली होती. दगड घासताना सरांनी त्यावरची कालवं मोजली आणि म्हणाले, "नवल आहे. दगड एवढा जुना, पण वरचा थर दहा-बारा वर्षांचाच. इतकी शतकं गाळात पुरलेला असावा, अलीकडे उघडा पडला." मी मान डोलावली. त्यांची दोन्ही उत्तरं बरोबर होती वहिनी. दगड जुनाच आहे. पण पाण्यात गेला तो अकरा वर्षांपूर्वी. मी जे हजार वर्षं करा म्हणत होतो, ती थट्टा नव्हती. त्यांनी एकदा ठामपणे म्हटलं असतं की हा इथे पहिल्यापासून पडून आहे, तर माझा अंगठा खोटा ठरला असता. असे दगड आणखी असतीलही. तो जितका जुना ठरेल, तितका दादा जिवंत राहील, असं मला वाटत होतं.

आता मूळ गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

दादा गेला त्या दिवशी पहाटे मी होडीवरचा लोखंडी नांगर काढून नेला. काशिदला पर्यटकांच्या बोटीवर नवीन लागलो होतो. मालकाचा नांगर आदल्या दिवशी तुटला होता, तो म्हणाला, नांगर आणशील तर बोट चालेल, नाहीतर घरी बस. दादाला विचारलं नाही. तुम्ही मासळी घेऊन बाजारात गेला होतात. नऊ वाजता दादाचा फोन आला. "नांगर तू नेलास काय रं?" मी म्हटलं, "तीन वाजेपर्यंत आणतो." तो म्हणाला, "बरं. आण मग." रागावलासुद्धा नाही.

दसऱ्यानंतरची गर्दी होती. तीन वाजले, चार वाजले, माणसं फेऱ्यांवर फेऱ्या मागत होती. साडेचारला परत फोन. "येतंस का न्हाय?" मी म्हटलं, "दादा, अजून तासभर." तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे. भरतीची येळ जाईल. आज्याचा दगूड हाय ना दारात, तोच नेतो. एका रातीचा तर सवाल." खलाशी गावी गेलेला, तो एकटाच होता. एकट्याने तो दगड दारातून किनाऱ्यापर्यंत नेला असणार. मी फोन खिशात टाकला आणि पुढची फेरी मारली. हे शेवटचं बोलणं.

सूर्य बुडाल्यावर जमिनीकडून वारा सुटला तो तुम्हाला आठवतो. इंजिन बंद पडलं असेल, म्हणून त्याने नांगर टाकला असेल. परवा सर कॉलेजातल्या मुलांना समजावत होते, मी कोपऱ्यात उभा होतो. म्हणाले, "या भोकांत लाकडी पंजे असायचे, ते तळात रुतायचे. पंजे नसले तर हा नुसता दगड. शांत पाण्यात ठीक, पण वारा सुटला की घसरत जाणार." मुलं लिहून घेत होती.

लोखंडी नांगराने तळ धरला असता वहिनी. हे मी अकरा वर्षं जाणतो.

त्या रात्री तुम्ही बाजारातून आलात तेव्हा विचारलंत, दारातला दगड कुठे गेला. मी म्हटलं, मुंबईच्या एकाला बागेत ठेवायला हवा होता, त्याला दिला. तुम्ही केवढ्या चिडलात! "मना इचारलं न्हाय, आईला इचारलं न्हाय!" दादा घरी यायचा होता आणि तुम्ही दगडासाठी भांडत होतात. दगड दादाने नेला म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, मग लोखंडी कुठे आहे. म्हणून त्या एका दगडाखाली मी सगळं झाकलं.

आणि याहून वाईट ते पुढे आहे.

नऊ दिवस शोध झाला. फळकूटही मिळालं नाही. आईने अन्न सोडलं होतं. नवव्या दिवशी मी तिच्यासमोर ताट घेऊन बसलो आणि तोंडातून निघून गेलं, "आई, वेरावळहून ट्रकवाला आला होता. दादाला बंदरावर बघितलं म्हणतो." कोणी ट्रकवाला नव्हता. आईने माझ्याकडे बघितलं आणि भाताचा घास घेतला. त्या घासासाठी मी बोललो. पण घास गिळून झाला आणि बोललेलं गावभर गेलं. कोणी म्हणालं होडी विकून पळाला, कोणी म्हणालं तिकडे बाई ठेवलीय. मी एकदाही म्हटलं नाही की हे खोटं आहे. कारण दादा वेरावळला असला, तर मी त्याला मारलेलं नव्हतं.

तुम्हाला मी टाकलेली बाई करून ठेवलं. नळावर बायका गप्प व्हायच्या तुम्ही गेलात की. सहा महिन्यांत पोरीला घेऊन तुम्ही पालीला गेलात, जिथून समुद्र दिसत नाही. जाताना मला म्हणालात, "भावजी, भेटले तर सांगा, पोरगी इचारते." मी हो म्हटलं. आई दोन वर्षांपूर्वी गेली, शेवटच्या दिवशी सारखी विचारत होती, "चंदरला कळवलंस?" मी म्हटलं, "कळवलंय आई, निघालाय." दाराकडे तोंड करून तिने प्राण सोडला. तुम्ही आलात, अंगणात बसलात आणि या घरचं पाणीसुद्धा न पिता गेलात. बरोबर केलंत.

मी हेही गिळलं असतं, मेल्यावर बरोबर नेलं असतं. पण डिसेंबरात अलिबागला कलेक्टर कचेरीबाहेर रुचिता भेटली. जातीच्या दाखल्यासाठी बापाकडचे कागद हवे होते म्हणून आली होती. मी ओळखलंच नाही, दादाची नाकाची ठेवण बघून थांबलो. म्हटलं, "बाळा, मी काका." ती म्हणाली, "माहीत आहे. साहेब विचारतात वडील कुठे आहेत. काय सांगू? वेरावळला मजेत आहेत, असं लिहून देऊ? तुम्हीच सांगितलंत ना तसं." एवढं बोलून बसमध्ये चढली. दादा तिला खांद्यावर बसवून पुळणीवरून फिरायचा, ती सहा वर्षांची होती, तिला आठवत असेल की नाही कोण जाणे. तिला एवढंच माहीत आहे की बाप तिला टाकून गेला. त्यानंतर महिन्याभराने हा दगड हाताला लागला.

तर तिला सांगा. पळून जाणारा माणूस नांगर वर ओढून घेतो. दादाचा नांगर तळाशी होता, घसरत जाऊन खडकात अडकलेला. दोराचं दुसरं टोक कापलेलं नाही, पिंजून तुटलेलं आहे. तो कुठे जात नव्हता. तो थांबायची धडपड करत होता.

उद्या मी अलिबागला जाऊन दोर सरांपुढे ठेवणार आहे आणि सगळं सांगणार आहे. खाचेचं मात्र तुम्ही सांगाल तरच ते पाटीवर लिहितील. मी साक्षीदार म्हणून आता कोणाच्या कामाचा नाही.

परीक्षा तोंडावर असताना हे पाठवतोय. आधी वाटलं मार्चपर्यंत थांबावं. पण मी थांबायला लागलो की अकरा वर्षं जातात. तिला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा.

माफी मागत नाही. मागण्याजोगं काही ठेवलेलं नाही.

ज्याने नांगर नेला तो,
प्रीतम


पाली,
२२ मार्च २०२६

प्रीतमभावजी,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचलं तेव्हाच मला खाच कळली. आपल्या हाताने पाडलेली खाच बाई विसरत नाही. पण दगड मुंबईवाल्याच्या बागेतून समुद्रात कसा गेला ते समजेना, म्हणून गप्प बसले. मनात वाईट येत होतं ते दाबलं. दाबायची सवय झाली आहे.

दुसरं पत्र आलं तेव्हा दीडशे माणसांचा स्वयंपाक होता. वाचलं, चुलीजवळ ठेवलं आणि आमटीला फोडणी दिली. रात्री घरी येऊन रडले. पोरीला वाटलं दाढ दुखते. तिचे पेपर होईपर्यंत दाढच दुखत होती.

तुम्ही लिहिलंत, टाकलेली बाई केलं. त्याहून जास्त केलंत. मी अकरा वर्षं त्यांच्यावर रागावले. रोज कुंकू लावताना शिव्या दिल्या, आणि कुंकू लावलंही. सणाला गोड केलं की म्हणायचे, खा तिकडे तुझ्या रांडेच्या हातचं. माणूस पाण्याखाली गेलेला आणि मी त्याला शिव्या घालत होते. हे कोण भरून देणार? मला रडायचं होतं तेव्हा तुम्ही रडू दिलं नाहीत. आईंना एक घास दिलात, तो माझ्या तोंडचा काढून दिलात.

काल रुचिताला सांगितलं. दगडाचं, नांगराचं, सगळं. तिने विचारलं, "दगड किती जड होता?" मी म्हटलं, पन्नास किलो तरी असेल. तर म्हणाली, "बाबांना एकट्याने नेताना लागलं असेल." मग रडली. लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. आज सकाळी दाखल्याच्या अर्जावर बापाचं पूर्ण नाव तिने स्वतः लिहिलं.

सरांना सांगा, खाच कोयत्याची आहे. पाहिजे तर मी कोयता घेऊन येते, पातं लावून बघा, बसेल. पाटीवर माझं नाव नको. पोरीच्या बाबांचं लिहा, आणि त्यांनी तो कोणत्या तारखेला नेला ते लिहा. दगड सहाशे वर्षांचा की आठशे, ते सरांचं सर बघतील.

त्यांचं काहीच झालेलं नाही. ना बारावं, ना तेरावं. मी आणि पोरगी येत्या अमावास्येला रेवदंड्याला येतो. कणकेचा बाहुला करून अग्नी द्यायचा, तो पोरगी देईल. मग कोर्लईबाहेर तुम्हाला दगड सापडला त्या जागी नारळ सोडू. होडी तुम्ही बघून ठेवा. जागा नाखव्याला नीट समजावून द्या, कारण तुम्ही होडीत बसायचं नाही. किनाऱ्यावर थांबा. आम्ही परत येईपर्यंत थांबा.

आणि होडीवर लोखंडी नांगर आहे का ते निघायच्या आधी स्वतः बघा.

घरी पाणी पिईन की नाही ते आत्ता सांगत नाही.

'सौ.' तुम्ही काढलंत ते बरं केलंत. पुढचं लिहायला तुमचा हात धजला नाही, ते मी माझ्या हाताने लिहिते. अकरा वर्षं उशीर झाला.

गं. भा. किशोरी चंदर चोगले